गोमेचा रंग आणि गोमेचे नाव

दिवाळीची साफसफाई काढली म्हणजे अडगळीच्या खोलीतून काय काय निघते ते प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. मोडका पाटा, कुलूप हरवलेल्या किल्ल्या, गेल्या वर्षीचा आकाशकंदील, आणि त्या आकाशकंदिलाखालून सरसर धावत सुटलेली एक गोम! मग घरात एकच ओरडा होतो. कोणी चप्पल शोधतो, कोणी केरसुणी उगारतो, आजी कानावर हात ठेवते, आणि क्षणार्धात गोमेचा निकाल लागतो. ती कसली होती हे विचारायला कोणाला सवड नसते. फराळाच्या ताटाशी बसून हा अंक वाचणाऱ्या वाचकांपुढे मी आज त्या गोमेचीच गोष्ट मांडणार आहे, याबद्दल प्रथमच क्षमा मागून ठेवतो. पण ही गोष्ट सांगायला मला एक कारण घडले आहे, आणि त्यात माझी थोडी फजितीही आहे.

दोन पावसाळ्यांपूर्वी एका सकाळी सातवीतला एक मुलगा चिंब भिजून शाळेत आला आणि दप्तर खाली ठेवण्याच्या आधीच बापाचा मोबाईल माझ्यासमोर धरून म्हणाला, "गुरुजी, ही बघा. आमच्या गडग्यात होती. अशी रंगीत गोम तुम्ही कधी पाहिलीत?"

मी पाहिली नव्हती. जांभ्या दगडावर चार-पाच इंच लांबीची ती गोम आडवी पसरली होती. अंग हळदीसारखे पिवळे, डोके तांबूस, पायांच्या टोकांना निळसर झाक, आणि पाठीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत काळपट हिरवे पट्टे ओळीने ओढलेले. पोराने तीन फोटो घेतले होते, तिन्ही वरून.

"आता कुठे आहे ती?"

"बाबांनी खराट्याने ठेचली."

मी प्राणिशास्त्राचा माणूस नव्हे. मॅट्रिकच्या पुढे माझे शिक्षण गेले नाही. मराठी आणि इतिहास शिकवतो आणि रात्री जागून कादंबऱ्या लिहितो. परंतु 'गुरुजींना येत नाही' असे म्हणण्याची आमच्या खेड्यात चाल नाही, आणि दुर्दैवाने गुरुजींनाही ते म्हणण्याची सवय नाही. शेंदरी आणि काळ्या पट्ट्यांच्या एका दक्षिणी गोमेचे रंगीत चित्र मी कुठेतरी पाहिले होते. तिचे नाव 'स्कोलोपेंड्रा हार्डविकी' असे होते, ते लक्षात राहिले होते. पट्टे म्हटले की वाघ, तसे पट्टे म्हटले की हार्डविकी, असा हिशेब करून मी ते नाव त्याला ठोकून सांगितले. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तो फोटो मोठा करून लावला. खाली माझ्या सुवाच्य अक्षरात नाव, आणि त्याखाली 'दुर्मिळ' हा शब्द. पोरगा दिवसभर त्या फोटोपाशी उभा होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ते लॅटिन नाव न अडखळता सांगत होता.

तिसऱ्या प्रहरी कॉलेजातले एक प्राणिशास्त्राचे प्राध्यापक प्रदर्शन पाहायला आले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटोला नाक लावले आणि हळू आवाजात मला विचारले, "गुरुजी, पट्टे मोजलेत का?" मोजले नव्हते. ते म्हणाले, "हार्डविकीच्या पाठीचा एक पत्रा सबंध काळा आणि दुसरा सबंध शेंदरी, असा आळीपाळीने क्रम असतो. इथे पाहा, प्रत्येक पत्रा पिवळाच आहे, फक्त त्याच्या मागच्या कडेला काळी किनार आहे. ही बहुधा आपली नेहमीचीच गोम. रंगाने थोडी नटलेली, एवढेच."

पोरगा ऐकत होता. "बहुधा म्हणजे?" त्याने विचारले.

"पोटाकडून पाहिली नाही ना रे, बाळा. म्हणून बहुधा."

"मग मारली नसती आणि बाटलीत घातली असती तर नाव कळलं असतं?"

प्राध्यापक हसले. "नाव कळलं असतं, पण मग हा रंग उडाला असता."

ती पाटी मी स्वतःच्या हाताने काढली. पोराने काही म्हटले नाही, पण तो पुन्हा फोटोपाशी उभा राहिला नाही. त्या दिवसापासून प्राध्यापकांचे ते वाक्य माझ्या मनात घर करून आहे. मिळतील ती पुस्तके मागवून, जाणत्यांना विचारून मी या विषयाच्या मागे लागलो, आणि असे दिसून आले की त्या एका वाक्यात गोम ओळखण्याच्या अडीचशे वर्षांच्या इतिहासाचे सार आहे.

आधी थोडे गोमेविषयी. आपल्या भाषेने या प्राण्याला एका बाबतीत मोठा मान दिला आहे. एखाद्या व्यवहारात काही लपलेले असले की आपण म्हणतो, 'यात काहीतरी गोम आहे.' जाणते सांगतात की ही गोम घोड्याच्या अंगावरची, म्हणजे केसांच्या भोवऱ्याची. घोडा विकत घेणारा आधी ती कुठे आहे ते पाहतो. असेल. पण या इतिहासात शिरल्यावर मला वाटू लागले आहे की ती शंभर पायांची गोम असती तरी म्हण तितकीच खरी ठरली असती. शंभर पाय म्हटले खरे, पण गोमेला शंभर पाय कधीच नसतात. तिच्या शरीराच्या प्रत्येक वेढ्याला पायांची एकच जोडी असते, आणि या जोड्यांची संख्या नेहमी विषम असते. पंधरापासून १९१ पर्यंत ती काहीही असू शकते, पण बरोबर पन्नास जोड्या कोणाही गोमेला नसतात. पावसात अंगणात वेटोळे करून पडणारा पैसा किंवा वाणी हा निराळा प्राणी. त्याच्या बहुतेक वेढ्यांना पायांच्या दोन-दोन जोड्या, आणि स्वभावाने तो गरीब. गोमेच्या पायांची पहिली जोडी मात्र विषाची नखी होऊन बसली आहे, आणि तिच्यामुळेच तिची एवढी दहशत. पृथ्वीवर गोमा चाळीस कोटी वर्षांहून जुन्या आहेत आणि त्यांच्या तीन हजारांहून अधिक जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत.

या जातींना शास्त्रीय नावे देण्याचा आरंभ स्वीडनच्या कार्ल लिनिअसने केला. त्याच्या 'सिस्टिमा नॅचुरी' या ग्रंथाची दहावी आवृत्ती १७५८ साली निघाली, आणि प्राण्यांची नावे तेव्हापासूनची धरायची असा आजचा शास्त्रसंकेत आहे. लिनिअसने गोमांना पंख नसलेल्या किड्यांत बसवले आणि त्यांना 'स्कोलोपेंड्रा' हे ग्रीकांचे जुने नाव दिले. हा मोठा हिशेबी माणूस होता. रंगाच्या भानगडीत न पडता त्याने पाय मोजले. युरोपातल्या घराघरांत आढळणारी गोम : दर बाजूस पंधरा पाय. दुसरी एक बारीक दोऱ्यासारखी : सत्तर पाय. आणि उष्ण प्रदेशातली चावरी गोम, तिचे नाव त्याने 'मॉर्सिटान्स' म्हणजे चावणारी असे ठेवले : दर बाजूस वीस पाय. आता ही आपली नेहमीची गोम हातात घेऊन (म्हणजे मेलेली घेऊन) कोणीही मोजावे. पाय एकवीस भरतात. शेवटची जोडी मागे शेपटीसारखी लांबट पसरलेली असते, ती बहुधा त्याने पायांत धरली नसावी. सर्व जीवसृष्टीची मोजदाद करायला निघालेल्या महापंडिताच्या हातून पहिल्याच पानावर एक पाय सुटावा, हे वाचून, खरे सांगतो, माझ्या पाटीचे दुःख थोडे हलके झाले.

पण त्याच यादीत याहून मोठी चूक आहे, आणि ती आपल्या विषयाला अगदी लागून आहे. 'गायगॅन्टिया' म्हणजे राक्षसी गोम, असे एक नाव लिनिअसने दिले आणि तिला सतरा पाय दाखवले. ही गोम त्याने पाहिलेली नव्हती. पॅट्रिक ब्राऊन नावाच्या डॉक्टरने जमेका बेटाचा एक मोठा सचित्र ग्रंथ १७५६ साली प्रसिद्ध केला होता. त्यातल्या गोमेवर विसंबून त्याने हे नाव दिले. सतरा पायांच्या जोड्या असलेली एवढी मोठी गोम जगात कुठेही नाही. पुढे दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातल्या फूटभर लांबीच्या खऱ्याखुऱ्या राक्षसी गोमेला लोक हेच नाव लावू लागले. पण नाव मुळात कोणाचे, याचा पुरावा काय? तर कागदावरची एक गोम. अखेर २००० साली शेली आणि कायझर या दोन अमेरिकन संशोधकांनी एक प्रत्यक्ष नमुना निवडून 'यापुढे हे नाव याचे' असे ठरवून टाकले. कागदावरच्या गोमेवरून दिलेल्या एका नावाचा वाद मिटायला २४२ वर्षे लागली. मी तर तीन फोटो पाहून पाच मिनिटांत निकाल दिला होता.

आता माझ्या त्या चुकलेल्या नावाकडे येतो, कारण त्याची हकीकत मला सर्वांत मनोरंजक वाटली. थॉमस हार्डविक हा कंपनी सरकारच्या बंगालच्या तोफखान्यातला अधिकारी. १७५६ साली जन्मलेला हा माणूस ऐन विशीत हिंदुस्थानात आला, लढायांत भाग घेतला, बढती मिळवत मेजर-जनरल झाला आणि १८२३ साली मायदेशी परतला. पण त्याचा जीव तोफांत नव्हता, प्राण्यांत होता. जिथे छावणी पडेल तिथले पक्षी, मासे, साप, किडे गोळा करायचे आणि त्यांची चित्रे काढवून घ्यायची, असा त्याचा उद्योग. ही चित्रे काढणारे बहुतेक सारे आपल्याकडचे चित्रकार होते. मोगल आणि नबाबी दरबारात बेगमांच्या ओढणीची नक्षी काढणारी कलमे आश्रय तुटल्यावर साहेबांच्या तंबूत बसून कासवाच्या पाठीचे खवले मोजून काढू लागली. अशी सुमारे साडेचार हजार चित्रे हार्डविकने जमवली. ती आज लंडनमध्ये आहेत. जनरलचे नाव गोमेपासून सरड्यापर्यंत कित्येक प्राण्यांच्या मागे लागले आहे. ज्यांनी ती चित्रे काढली त्यांतल्या बहुतेकांची नावेसुद्धा कोणी लिहून ठेवली नाहीत. नावे देण्याच्या या सगळ्या खटाटोपात मला ही गोष्ट सर्वांत जास्त बोचते.

या चित्रांवरून ब्रिटिश म्युझियममधल्या जॉन एडवर्ड ग्रे याने १८३० ते १८३५ या काळात हिंदी प्राण्यांचा चित्रसंग्रह प्रसिद्ध केला आणि त्यातल्या अनेकांना नावेही दिली. काहींचा तर चित्र हाच एकमेव आधार! फोटोवरून प्राणी ओळखण्याची खटपट आपल्याला आजची वाटते, पण फोटो निघण्याच्या आधीच तिचा हा अवतार होऊन गेला होता. खुद्द हार्डविकच्या नशिबी मात्र नावाच्या बाबतीत एक हुलकावणी होती. हिमालयातल्या तांबड्या पांडाचे वर्णन त्याने १८२१ सालीच लंडनच्या विद्वत्सभेपुढे मांडले होते, पण ते छापायला उशीर झाला आणि मधल्या काळात फ्रान्समधल्या क्युव्हिए बंधूंपैकी धाकट्याने नाव देऊन टाकले. पांडा गेला आणि गोम पदरात पडली!

ती गोम त्याच्या पदरात टाकणारा माणूसही सांगण्यासारखा आहे. जॉर्ज न्यूपोर्ट, जन्म १८०३, कँटरबरी गावचा. बाप गाड्यांची चाके करणारा, आणि पोरगाही त्याच धंद्यात उमेदवारीला लागलेला. किड्यांच्या नादाने हा चाकांच्या दुकानातून उठला, गावच्या संग्रहालयात शिरला, तिशीच्या सुमारास लंडनला वैद्यक शिकायला गेला आणि सर्जन झाला. शाळेची फारशी पायरी न चढलेल्या या माणसाला रॉयल सोसायटीने आपले पदक दोनदा दिले. बेडकाच्या अंड्यात पुरुषबीज प्रत्यक्ष आत शिरते हे दाखवण्याचे मोठे श्रेय त्याचेच. याने १८४४-४५ साली जगातल्या तमाम गोमांचा एक प्रबंध लिहिला, आणि १८४४ सालीच त्या शेंदरी-काळ्या पट्ट्यांच्या हिंदी गोमेला नाव दिले, स्कोलोपेंड्रा हार्डविकी. दहा वर्षांनी, १८५४ साली, लंडनच्या पश्चिमेच्या दलदलीत प्राणी गोळा करताना तापाने गाठून तो वारला. मॅट्रिक झालेल्या मास्तराला अशा माणसाविषयी आपलेपणा वाटला तर वाचकांनी हसू नये.

हार्डविकीच्या बाबतीत न्यूपोर्टला रंगाने साथ दिली. एक पत्रा काळा, एक शेंदरी, हा आळीपाळीचा नेमच असा वेगळा आहे की जिवंत गोम पाहणाऱ्याला ती सहसा चुकत नाही. पण ही साथ अपवादाची. त्या शतकात जहाजे भरभरून नमुने युरोपात येऊ लागले आणि प्रत्येक संग्रहालयातला पंडित त्यांना नावे देऊ लागला. एक गोम जरा हिरवी, दिले नवे नाव. दुसरीच्या डोक्याचा रंग निराळा, तिला आणखी एक. एकट्या मॉर्सिटान्सला अशी डझनांवारी नावे पडली. हिंदुस्थानापासून आफ्रिकेपर्यंत आणि ऑस्ट्रेलियापासून अमेरिकेपर्यंत ती पसरलेली आहे. बंदरोबंदरी मालाच्या गठ्ठ्यांतून ती माणसाबरोबर फिरली, आणि जिथे गेली तिथे तिला नवे नाव मिळाले. एखादा संशयित गाव बदलून नाव बदलत राहतो, पण इथे संशयित बिचारा मुका आणि नावे बदलणारे फौजदारच!

यात आणखी एक पेच होता. आलेला नमुना स्पिरिटच्या बाटलीत असे, आणि स्पिरिटमध्ये रंग टिकत नाही. पिवळा उडतो, निळा-हिरवा मळतो, आणि काही वर्षांनी बाटलीतल्या सगळ्या गोमा एकाच तपकिरी रंगाच्या होतात. म्हणजे ज्याने रानात पाहिली त्याला रंग माहीत पण शरीर तपासता आले नाही, आणि ज्याने शरीर तपासले त्याने रंग कधी पाहिलाच नाही. दोघांची भेट क्वचितच होई.

हा गोंधळ निस्तरायला हॅम्बुर्गच्या संग्रहालयाचा प्रमुख कार्ल क्रेपेलिन पुढे आला. (मनोविकारांचे वर्गीकरण करून प्रसिद्ध झालेला एमिल क्रेपेलिन हा याचाच धाकटा भाऊ. एकाने वेडांच्या जाती लावल्या, दुसऱ्याने गोमांच्या. त्यांच्या आईबापांना घर आवरण्याचा त्रास पडला नसावा.) १९०३ साली क्रेपेलिनने या कुळाची सबंध फेरतपासणी प्रसिद्ध केली. त्याने रंगावरचा भरवसा सोडला आणि स्पिरिटमध्येही जे बदलत नाही ते पाहिले. मिशांना सांधे किती आणि त्यांतले बिनकेसाळ किती. विषनखीच्या मुळाशी दाते किती. पायाच्या टोकाजवळ काटा आहे की नाही. आणि शेवटच्या पायांच्या जाड मांडीवर आतून, खालून काट्यांच्या किती ओळी. असे करता करता नावांची रास कोसळून तिचा लहानसा ढीग उरला. पुढे १९३० साली ऑस्ट्रियाच्या कार्ल अटेम्स याने याच वाटेने जाऊन मोठा ग्रंथ लिहिला, आणि गोम ओळखणारे लोक पुढची कित्येक वर्षे या दोघांच्या आधाराने चालले. क्रेपेलिनच्या संग्रहालयाची इमारत १९४३ च्या बाँबवर्षावात जमीनदोस्त झाली. पण स्पिरिटचे नमुने आधीच हलवून ठेवलेले असल्यामुळे वाचले. ज्यांना रंग नव्हता त्या गोमा युद्धातून सहीसलामत निघाल्या.

आता आपल्या घरी येऊ, कारण पुढचा महत्त्वाचा टप्पा नागपुरात आहे. स्वातंत्र्यानंतरच्या त्या पहिल्या वर्षांत नागपूरचे प्राणिशास्त्रज्ञ बी. एस. जांगी यांनी एकाच प्राण्यावर आपले आयुष्य लावले, आणि तो प्राणी म्हणजे आपल्या अंगणातली गोम. १९५५ साली त्यांनी तिच्या शरीररचनेवर लिहिले, १९६६ साली झुऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने त्यांचा 'स्कोलोपेंड्रा' हा प्रबंध प्रसिद्ध केला. तोवर परदेशी पुस्तकातल्या परदेशी किड्यांच्या आकृत्या पाहून परीक्षा देणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती प्रथमच आपल्या गावच्या गोमेची आतड्यांपासून मज्जातंतूंपर्यंत सगळी हकीकत पडली.

परंतु नावाची गोम इथेही आलीच. जांगींच्या मते नागपूरच्या गोमेला मॉर्सिटान्स म्हणणे बरोबर नव्हते. ब्राझीलच्या ब्युखर्ल याने १९४६ साली वापरलेले 'अमॅझोनिका' हे नाव त्यांनी तिच्यासाठी पुढे केले. नागनदीच्या काठची गोम, आणि नाव ॲमेझॉन नदीचे! आफ्रिकेत काम करणाऱ्या लुईस यांनीही काही वर्षे तेच नाव चालवले. १९६९ साली त्यांनी आफ्रिकेतल्या या गोमेच्या निरनिराळ्या प्रकारांवर लेख लिहिला, आणि एकाच जातीत किती तफावत असू शकते हे त्यातून स्पष्ट दिसले. पुढे अमॅझोनिका हे नाव मागे पडून लिनिअसचे मॉर्सिटान्सच पुन्हा गादीवर बसले. जांगींचा या बाबतीत पराभव झाला असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. लिनिअसच्या नावावर शंका घ्यायला नागपूरच्या माणसाने उभे राहावे, आणि त्या शंकेचे उत्तर देण्यासाठी जगातल्या लोकांना नमुने पुन्हा काढून पाहावे लागावेत, ही लहान गोष्ट नव्हे. १९८४ साली जांगी आणि दास यांनी दख्खनच्या गोमांवर जो निबंध लिहिला तो आजही या विषयात काम करणाऱ्याला टाळता येत नाही.

त्यांच्यानंतरची पिढी स्पिरिटच्या बाटलीबरोबर आणखी एक साधन घेऊन आली : डी.एन.ए.ची तपासणी. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतून जाह्नवी जोशी आणि प्रवीण कारंथ यांनी पश्चिम घाटातल्या 'डिजिटिपेस' या गोमांचा शोध २०१२ साली प्रसिद्ध केला. ही नखाएवढ्या रुंदीचीही नसलेली, पालापाचोळ्यात दडणारी गोम. तिच्या काही नरांच्या शेवटच्या पायाला बोटासारखा एक कोंब असतो, म्हणून हे नाव. त्यांना असे आढळले की दिसायला सारख्या वाटणाऱ्या गोमांत निराळ्या जाती दडलेल्या आहेत. पुढल्याच वर्षी जोशी आणि लंडनचे ग्रेगरी एजकोम्ब यांनी या गोमांची फेरमांडणी केली, आणि एका नव्या जातीला नाव दिले 'जांगिआय'. आयुष्यभर दुसऱ्यांनी ठेवलेल्या नावांची छाननी करणाऱ्या जांगींचे नाव असे एका गोमेला मिळाले. २०१८ साली आणखी एका नव्या गोमेच्या नावात आपला सह्याद्री आला.

इकडे सारख्या दिसणाऱ्या निराळ्या निघाल्या, तर तिकडे थायलंड-लाओसच्या बाजूला उलट प्रकार झाला. वारुत सिरिवुत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले तेव्हा रंगाने अगदी वेगळ्या वाटणाऱ्या कित्येक गोमा एकाच जातीच्या ठरल्या. आणि याच मंडळींनी २०१६ साली पाण्यात पोहणारी एक गोम जगापुढे आणली. तिचा पहिला पत्ता जॉर्ज बेक्कालोनी या कीटकशास्त्रज्ञाला २००१ साली थायलंडात लागला, तोही मधुचंद्राला गेला असताना. ओढ्याकाठचा दगड उलथला तेव्हा ही गोम जमिनीवर पळण्याऐवजी पाण्यात उतरली. (नववधूने त्या वेळी काय म्हटले हे शास्त्रीय निबंधात लिहिलेले नाही.) मळकट काळपट हिरवी, रंगात पाहण्यासारखे काही नाही. पुढे लाओसच्या धबधब्यांपाशी तिच्या जातीच्या गोमा सापडल्या, डी.एन.ए. तपासला, ती नवी ठरली. आणि मग लक्षात आले की लंडनच्या संग्रहालयातल्या एका बाटलीत १९२८ साली व्हिएतनामातून आणलेली तीच गोम चुकीच्या चिठ्ठीखाली सबंध आयुष्य काढून बसली आहे.

हे सगळे वाचून झाल्यावर मी त्या प्राध्यापकांना भेटायला गेलो. फोटोवरून गोम ओळखायची तर निदान काय पाहावे, असे विचारले. त्यांनी एका कागदावर काढून दाखवले. डोक्याच्या दोन्ही बाजूंस चार-चार बारीक डोळे दिसले पाहिजेत. मिशांचे सांधे मोजता आले पाहिजेत. कुशीतून पाहिले तर श्वासाची छिद्रे दिसतात. सातव्या वेढ्यावर छिद्र नसेल तर स्कोलोपेंड्रा, असेल तर बहुधा तिची चुलत बहीण 'रायसिडा'. आणि शेवटच्या पायांच्या मांडीचे काटे खालून दिसले पाहिजेत. शेजारी मोजपट्टी असावी. "आणि रंग?" मी विचारले. "रंग जरूर घ्या," ते म्हणाले. "आम्हाला बाटलीत तो मिळत नाही."

शाळेत येऊन मी त्या पोराला बोलावले. आता तो आठवीत होता. मागच्या प्रदर्शनातली पाटी मी का काढली आणि माझी चूक कुठे झाली, ते त्याला पुन्हा नीट सांगितले. त्याने सगळे एका वहीत उतरवून घेतले. या वर्षी मृगाचा पाऊस पडताच त्याने एक युक्ती काढली. गोम दिसली की चिमट्याने अलगद काचेच्या बरणीत घ्यायची, वरून, कुशीतून आणि बुडाच्या काचेतून खालून फोटो काढायचे, मग गडग्यात सोडून द्यायची. बापाने पहिल्यांदा शिव्या दिल्या, दुसऱ्यांदा बरणी धरली. श्रावणापर्यंत वहीत सहा गोमांची नोंद झाली. त्यांतल्या चारांपुढे प्राध्यापकांनी पेन्सिलने नावे लिहिली, आणि एकीपुढे तर 'बहुधा' हा शब्दही लिहिला नाही.

सातवी भाद्रपदात सापडली. तीच ती, हळदीच्या अंगाची आणि काळपट किनारीची. पण या वेळी पायांना निळी झाक पहिलीपेक्षा गडद. पोराने दगड उचलला आणि वरून एक फोटो घेतला, तेवढ्यात त्याला दिसले की ती पळत नाही. अंगाचे कडे करून ती पिवळसर अंड्यांच्या घोसाला पोटाशी धरून पडली होती. गोमेची आई अशी कित्येक दिवस उपाशी बसते आणि फार छेडले तर अंडी खाऊन टाकते, हे मीच त्याला वर्गात वाचून दाखवले होते. बरणी बापाच्या हातात तयार होती.

त्याने दगड होता तसा परत ठेवला. दुसऱ्या दिवशी वही माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "गुरुजी, खालचा फोटो नाही मिळाला." मी पान पाहिले. तारीख, जागा, लांबी अंदाजे पाच इंच, रंग सविस्तर. नावाची जागा त्याने कोरी सोडली होती. मीही तिथे काही लिहिले नाही.